थप्पी आणि थापट्या

मोंढ्यात आडतीच्या दुकानावर मुनीम म्हणून मला अठरा वर्षं झाली. कट्टे, म्हणजे धान्याची पोती, मोजणं हेच माझं पोट. थप्पी लांबून बघायची आणि कट्टे किती ते सांगायचं. चुकलं तर दोन-चारानं. हमालांशी पैजा लावून याच्यावर पुष्कळ चहा प्यायलोय.

२०२४ च्या सप्टेंबरात आमचे शाळेतले जीवशास्त्राचे सर विकलेल्या उडदाची पट्टी, म्हणजे हिशेब, घ्यायला दुकानात आले होते. आता निवृत्त आहेत, गळ्यात दुर्बीण घालून तालुकाभर हिंडतात. माझी आणि एका हमालाची पैज त्यांनी बघितली आणि म्हणाले, "जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. मला मोजणारा माणूस पाहिजे. बदकं मोजशील का?"

"मोजू की सर. त्यात काय!"

या 'त्यात काय'चं पुढं तीन महिने काय झालं, ते लिहितोय.

ही गणना आशियातल्या बऱ्याच देशांत दर जानेवारीत होते आणि आपल्याकडं ती १९८७ पासून चालू आहे, हे मला सरांनीच सांगितलं. पण त्यांची अट होती: शिकायला ऑक्टोबरापासून यायचं, दर रविवारी. जानेवारीत एकदम आलास तर उपयोग नाही. आठ बाय बेचाळीसची एक जुनी दुर्बीण त्यांनी मला दिली. पट्टा तुटलेला होता, त्याला पायजम्याची नाडी बांधली.

पहिला रविवार ६ ऑक्टोबर. गेलो नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या धरणावर, कारण पैठणच्या माणसाला पाणी म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. एवढं मोठं धरण, १९८६ पासून पक्षी अभयारण्य, पसारा ३४१ चौरस किलोमीटरचा. बदकं तिथं नसतील तर कुठं?

नव्हती. पाणकावळे होते, पंख उघडून वाळत बसलेले. एक-दोन नदी सुरय घिरट्या घालत होते. लांब, अगदी लांब काही ठिपके हलत होते. बाकी नुसतं पाणी. काठावरच्या वेड्या बाभळी कमरेपर्यंत बुडालेल्या.

धरण त्या वर्षी भरलं होतं. सप्टेंबरात दरवाजे उघडले तेव्हा आख्खा तालुका बघायला लोटला होता, मीही पोरांना घेऊन गेलो होतो. आदल्या वर्षी ते जेमतेम निम्म्याला आलं होतं आणि वरच्या धरणांतून पाणी सोडा म्हणून ओरडा चालला होता. म्हणजे यंदा आनंदीआनंद. सर मात्र बाभळीकडं बघत म्हणाले, "भरलेलं धरण बदकाला भरलेल्या रांजणासारखं. तळाचं काही चोचीला लागत नाही."

आपल्याकडं येणारी बरीचशी बदकं बुडी मारत नाहीत. शेपूट वर, डोकं खाली असं उलटं होऊन मान जाईल तितक्या खोलीवरचं शेवाळ, बिया, किडे खातात. त्यांना पाणी लागतं गुडघ्याएवढं. धरण उतरायला लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो, आपले लोक त्यावर गाळपेर करतात, आणि त्याच उथळ कडेला बदकंही उतरतात. भरल्या धरणात ती कडच नसते. धरण भरलं नाही म्हणून आमच्याकडं आयुष्यभर रडणारी माणसं आहेत. भरलं म्हणून हिरमुसलेला मी पहिलाच असेन.

"मग ती कुठं गेली?" मी विचारलं.

"लहान तलावांवर. तुमच्या गावाला आहे का एखादा?"

आहे ना. आमच्या गावाला पाझर तलाव आहे, बहात्तरच्या दुष्काळी कामावर झालेला. माझी आई तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, त्या कामावर तिनं मातीच्या पाट्या वाहिल्या. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीची चव अजून सांगते आणि सांगताना तोंड वाकडं करते. तलावाला ती 'माझा तलाव' म्हणते. लहानपणी मला वाटायचं, सात-बारा तिच्याच नावावर आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं गेलो. गावाकडून येणारी वाट तलावाच्या पश्चिम काठाला लागते. सकाळचे सात, सूर्य समोर, पाणी नुसतं चकचकतंय आणि त्यावर काळे कोळसे तरंगताहेत. मी दुर्बीण लावली, डोळ्यांतून पाणी आलं. सर म्हणाले, "उन्हाकडं पाठ कर. पहिला नियम." मग वळसा घालून पूर्वेला पाळूवर, म्हणजे तलावाच्या बांधावर गेलो. आता रंग दिसत होते, पण पक्षी सगळे पलीकडच्या उथळ टोकाला. शेवटी सांडवा ओलांडून दक्षिणेच्या कडेनं बेशरमीच्या झुडपांतून वाट काढली. गाळात पाय पोटरीपर्यंत गेला. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. ती अजून तिथंच आहे. चार महिन्यांपूर्वी घेतलेली होती, असो.

बेशरमीच्या आडून मात्र सगळं समोर होतं.

सोपे पक्षी सरांनी आधी दाखवले. टिबुकली: मुठीएवढी, शेपूट नसल्यासारखी, बघता बघता गडप. वारकरी: काळाकुट्ट, चोच आणि कपाळ पांढरं, जणू गंध लावून निघालाय. पैठणच्या माणसाला हे नाव वेगळं पाठ करावं लागत नाही. हा बदक नव्हे, पाणकोंबडीच्या घराण्यातला. त्याच्या पायाला बदकासारखा अखंड पडदा नसतो, बोटाबोटाला पाकळ्या असतात. मग हळदीकुंकू. चोचीच्या टोकाला हळद, कपाळाजवळ दोन्ही बाजूंना कुंकवाचा ठिपका, बाकी चोच काळी. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला मी मोंढ्याच्या वतीनं एक कट्टा ज्वारी द्यायला तयार आहे. ही बदकं इथलीच, बाराही महिने राहणारी, नर-मादी दिसायला सारखी.

आणि त्यांच्या पलीकडं ती पाहुणी मंडळी. सगळी तपकिरी. ठिपक्याठिपक्यांची, मातकट, एकासारखी एक. त्यातली मोठ्या चोचीची मला पुस्तकावरून ओळखू आली. चोच पुढं रुंद होत गेलेली, गवंड्याच्या थापीसारखी. थापट्या. पुस्तकातल्या चित्रात नर असा होता: डोकं हिरवंगार, छाती पांढरीशुभ्र, कुशी विटकरी. तसा इथं एकही नव्हता. मी वहीत लिहिलं: 'थापट्या ३४. सगळ्या माद्या.'

सरांनी वही बघितली. "नर कुठं गेले?"

"मागून येत असतील."

ते हसले आणि काहीच बोलले नाहीत. शिकवणाऱ्या माणसाची ही सवय मला शाळेतही आवडायची नाही.

खरा अपमान पुढं झाला. "पुन्हा मोज," म्हणाले. मोजले तर एक्कावन्न. तिसऱ्यांदा चाळीस. कट्टा कधी जागा सोडत नाही. कट्टा बुडी मारत नाही, दुसऱ्या कट्ट्याच्या आड जात नाही, आपण चौदावर असताना सातवा उठून पंचविसाव्याशेजारी जाऊन बसत नाही. अठरा वर्षांची नजर, आणि एका उथळ तलावावर तीन वेळा तीन आकडे.

मग सरांनी पद्धत सांगितली, आणि ती ऐकून मला हसू आलं, कारण ती माझीच होती. आम्ही थप्पी मोजताना एकेक कट्टा मोजतच नाही. एक थर मोजायचा, तेवढेच थर किती ते बघायचं. बदकांचंही तसंच. आधी एकेक करून दहा मोजायची, ती दहा पाण्यावर केवढी जागा अडवतात ते डोळ्यांत धरायचं, मग ते दहाचं माप डावीकडून उजवीकडं ठेवत जायचं. मधे खूण पाहिजे. आम्ही पाण्यातलं बाभळीचं वाळकं खोड धरलं, त्याच्या अलीकडची एक मोजणी, पलीकडची दुसरी. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि आकडा आधी बोलायचा नाही, कागदावर लिहायचा. बोललेला आकडा दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. हे तर मोंढ्यात लिलावालाही लागू आहे. बुडी मारणाऱ्यांचं गणित वेगळं. टिबुकल्या आणि लालसरी बदकं एका वेळी निम्म्या पाण्याखाली असू शकतात, म्हणून त्यांची मोजणी पाच-सहा वेळा करायची आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा.

पुढच्या रविवारी थापट्या आमच्या दोघांच्याही कागदावर अडतीस आल्या. पण 'सगळ्या माद्या' ही नोंद कायम होती.

ती २७ तारखेला मोडली. तलावाचा मासेमारीचा ठेका ज्यांच्याकडं आहे ते भाऊ पहाटेच थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं बघून परतत होते. आम्हाला बघून त्यांनी हाक मारली, "ओ मुनीमजी, हे बघा तुमचं गिऱ्हाईक!"

तंगुसाच्या जाळ्यात एक थापट्या अडकला होता. जिवंत. मान आणि एक पंख गुरफटलेला, चोच उघडी. भाऊ वैतागले होते. बदक अडकलं की त्याच्या धडपडीनं जाळं फाटतं. सरांनी खिशातून ब्लेड काढलं आणि मला म्हणाले, "दोन्ही हातांनी धर. पंख अंगाशी. दाबू नको."

मी धरलं. हाताला वजनाचा अंदाज आपोआप येतो: सहाशे ग्रॅम, इकडं तिकडं पन्नास. गरम होतं. एवढं गरम असेल असं वाटलं नव्हतं, पाण्यातला प्राणी म्हणजे गार असणार असं डोक्यात होतं. काळीज तळहातावर टकटक वाजत होतं. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून किंवा त्याच्याही वरून येतात हे. सहाशे ग्रॅम.

चोच माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. कडेला आतून बारीक बारीक दात्यांची रांग, अगदी उवा काढायच्या फणीसारखी. सर तंगूस कापता कापता सांगत होते: पाणी तोंडात घ्यायचं, कडेनं सोडून द्यायचं, फणीत अडकेल ते गिळायचं. आमच्याकडं धान्याला चाळणी लावतात तसं, फक्त इथं माल चाळणीत राहतो आणि पाणी जातं.

"आता डोळा बघ," सर म्हणाले.

डोळा पिवळा होता. लख्ख पिवळा, झेंडूच्या पाकळीसारखा.

"मादीचा तपकिरी असतो. आता पंख बघ." मोकळा झालेला पंख त्यांनी हळूच उघडला. तपकिरी मातकट अंगाच्या आत, खांद्याजवळ, फिकट आकाशी निळा मोठा पट्टा. त्याच्या खाली हिरवा. बाहेरून गोणपाट आणि आत पैठणी, असं काहीतरी. "मादीचा निळा असतो पण राखट. हा नर आहे. तुझ्या चौतीस माद्यांतला एक."

मी भाऊंकडं बघितलं, भाऊंनी माझ्याकडं. बदक पाण्यावर सोडलं. ते थोडं तरंगलं, अंग झटकलं आणि सरळ उडालं.

मग पाळूवर बसून सरांनी सांगितलं. पिलांचा हंगाम संपला की ही बदकं पंखांची उडायची पिसं एकदम टाकतात, सगळी. तीन-चार आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी हिरवं डोकं आणि पांढरी छाती घेऊन बसणं म्हणजे कोल्ह्याला आवतण. म्हणून नर त्या काळापुरते मादीसारखी पिसं घालतात. उडायची पिसं पुन्हा येतात, प्रवास होतो, पण रंगीत कपडे यायला अजून वेळ असतो. म्हणून ऑक्टोबरात आपल्याकडं सगळी बदकं माद्याच दिसतात. "वऱ्हाड ट्रॉलीतून उतरलंय," सर म्हणाले. "नवरदेवानं डोक्याला टॉवेल गुंडाळलाय. फेटा अजून पेटीत आहे. आणि तू दारात उभा राहून लिहितोस, नवरदेव आलाच नाही."

"मग लांबून नर कसा ओळखायचा?"

"डोळा दिसला तर डोळ्यावरून. उडाला तर पंखावरून. नाहीच दिसलं तर लिहायचं, सांगता येत नाही."

हे शेवटचं वाक्य मला काही केल्या गिळेना. खातेवहीत 'सांगता येत नाही' असा रकानाच नसतो. माल आला की आला, नाही आला की नाही. संध्याकाळी शेठजींसमोर 'कट्टे किती ते सांगता येत नाही' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा मुनीम.

दिवाळीत मोंढ्यानं मान वर काढू दिली नाही. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि आमच्याकडं भाव चार हजारांच्या आसपास घुटमळणारा. रोज कुणीतरी येऊन माझ्यावरच चिडायचं, जणू भाव मी काढतो. एक रविवार बुडाला.

१० नोव्हेंबरला गेलो तेव्हा तलाव हातभर उतरला होता आणि नवे पाहुणे आले होते. चक्रांग, चिमुकली, मुठीत मावतील अशी. तलवार बदकं, लांब मानेची. नावातली तलवार म्हणजे नराची शेपटी, ती अजून पुरती म्यानातच होती, पण ती मान लपत नाही. काठाच्या चिखलात शेकाटे गुलाबी काटक्यांवर चालल्यासारखे हिंडत होते. भुवई बदक मात्र या सगळ्यांच्या आधी, पावसाळा सरता सरता येतं आणि रंग सगळ्यांत उशिरा चढवतं. त्याची पांढरी भुवई बघायला जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. असा एक पाहुणा प्रत्येक लग्नात असतोच.

थापट्यांत फरक पडला होता. काहींच्या छातीवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग, डोक्यावर हिरवट काळपट ठिगळं. घर रंगवायला काढलंय आणि रंगारी जेवायला गेलाय. मी असे नऊ मोजले. बाकीच्यांपुढं पहिल्यांदाच लिहिलं: 'सां. ये. ना.' पूर्ण शब्द लिहायचा धीर झाला नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. मोंढा बंद, माझं नाव अजून गावच्या यादीत. आईला घेऊन मत टाकलं आणि येताना गाडी तलावाकडं वळवली. आई पाळूवर बसली. मी नाडीची दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली.

"काय दिसतंय?"

"अंधार दिसतोय."

झाकण काढलं नव्हतं.

मग तिनं बराच वेळ बघितलं. बदकांकडं नाही, पलीकडच्या काठाकडं. "त्या खोडाच्या माघं खडक लागला व्हता. सुरुंग लावला तवा आमाला समद्यांला तिकडं लिंबाखाली बसिवलं." लिंब आता नाही. तिनं दुर्बीण खाली घेतली. "तू हितं दर आइतवारी काय बघायलास?"

"बदकं मोजतो."

"कुनाची?"

कुणाचीच नाहीत, हे तिला पटवायला मला जमलं नाही. माणूस मोजतो ते कुणाचं तरी असतं, या मुद्द्यावर ती ठाम होती, आणि धंद्यानं मीही त्याच मताचा.

तेवढ्यात एक भोवत्या आला. लांब पंखांचा, पंख थोडे वर उचलून पाण्यालगत तरंगत येणारा शिकारी. क्षणात सगळा तलाव उठला. आणि हीच मोजायची वेळ, हे सरांनी घोकून घेतलं होतं. थापट्या, चक्रांग, तलवार पाण्यावरून सरळ उसळी मारून उडाल्या. लालसरी आणि वारकरी पाण्यावर पाय आपटत, धावपट्टीवर पळाल्यासारखे पळाले. हवेत पंख उघडले आणि एवढे दिवस गोणपाटात दडवलेला माल बाहेर आला. हिरवे आरसे चक्रांगांचे. खांद्याशी आकाशी झळाळी थापट्यांच्या नरांची. डाव्या हाताच्या बोटावर शाई, उजव्या हातात पेन, आणि मी ओरडत मोजतोय: पाच, दहा, पंधरा, सतरा. सतरा नर तरी नक्की. थवा वळला, उन्हात गेला, काळा झाला. संपलं.

"घाबरली बिचारी," आई म्हणाली. "चल, भाकरी टाकायची हाय."

१५ डिसेंबरला थंडी बरी पडली होती. हरभऱ्याच्या रानात मोटार चालू होती आणि तलावाची पातळी त्या आवाजाबरोबर उतरत होती; उथळ टोक आता चांगलंच पसरलं होतं. त्या टोकाला थापट्यांचं रिंगण चाललं होतं. एकामागं एक, चोच पाण्यात, पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा गाळून घेतोय, आणि सगळी मिळून सावकाश गोल फिरताहेत. बिनआवाजाचा तेलाचा घाणा. आणि नर! छात्या पांढऱ्याशुभ्र, कुशी विटकरी, डोकं ऊन पडलं की हिरवं, ढळलं की काळं. फेटे पेटीतून निघाले होते.

रिंगण फिरत असताना मोजणं अवघड, पण आता थर कसा धरायचा ते माहीत होतं. सरांनी त्यांच्या कागदावर लिहिलं, मी माझ्या. त्यांचं: नर २३, माद्या १९. माझं: नर २३, माद्या १८, सांगता येत नाही १. तो एक रिंगणाबाहेर, बेशरमीच्या सावलीत, चोच पाठीवर खुपसून झोपला होता. डोळा मिटलेला. अंग तपकिरी, पण उशिरा रंगणारा तरणा नरही असाच दिसू शकतो.

सर त्याच्याकडं बघत बसले. मग त्यांनी आपल्या कागदावर १९ चे १८ केले.

घरी येऊन मी वही पहिल्यापासून उघडली. १३ ऑक्टोबरचं पान: 'थापट्या ३४. सगळ्या माद्या.' खोडायला पेन उचललं होतं. पण खातेवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवायची आणि खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद करायची, हे मला शेठजींच्या वडिलांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून खाली लिहिलं:

'दि. १५ डिसेंबर. वरील नोंदीत दुरुस्ती. थापट्या अंदाजे ३४ ते ५१. नर किती, माद्या किती, सांगता येत नाही.'

आणि सही केली.